मित्रा, बंगला आणि कात्री

मित्रा, तुझं पत्रक छापून आलं. पांढरा कागद, निळी शाई, वर तुझा शाळेच्या ओळखपत्रावरचा फोटो. खाली लिहिलंय की कुमारी संघमित्रा शांत, सुस्वभावी आणि आज्ञाधारक होती. आज्ञाधारक! विहाराच्या पायरीवर उभी राहून मी तो शब्द वाचला आणि वाटलं, आता मागून माझ्या वेणीला हिसका बसणार. तू विचारणार, "पत्रके, ही कोन पोरगी हाय गं? तुज्या वळखीची का?"

नाही माझ्या ओळखीची. जलदान विधीला वाटायचं आदरांजलीचं पत्रक लिहायला तुझ्या सुनीलदादानं मला सांगितलं होतं. वस्तीतली पत्रकं मीच लिहिते, म्हणून सांगितलं. मी कागदाच्या दोन्ही बाजू भरल्या. एका बाजूला तू, तुझं घर, तुझी शाळा. दुसऱ्या बाजूला बंगला. मजकूर गुरुजींच्या नजरेखालून गेला आणि दुसरी बाजू कोरी झाली. पहिल्या बाजूवर उरलेल्या जागेत त्यांनी ते तीन शब्द घातले.

गुरुजींनी आपल्या दोघींना अक्षर शिकवलं. ते निवृत्त झाले तरी विहाराचं सगळं तेच बघतात, आणि त्यांच्यापुढं कुणी बोलत नाही. मी बोलले, मित्रा. तुला हे कळलं पाहिजे.

"वैशाली, हे काय? भुताची गेम?"

"ती खेळायची, गुरुजी."

"बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसं आपण. आयुष्यभर मी सांगत आलो, भूतखेत मानू नका. आणि आपल्याच पोरीच्या पत्रकात तू भुतं नाचवणार?"

"त्या बंगल्यात भूत नाहीच, गुरुजी. शेवटपर्यंत खेळलं की कळतं."

"शेवटपर्यंत खेळली म्हणजे? आणि तेही छापायचं?" त्यांनी चष्मा काढून पुसला. "बाळ, गेलेल्या माणसाचं चांगलं असेल तेवढं सांगावं."

"हेच तिचं चांगलं होतं."

त्यांनी पेन फिरवलं. म्हणून आता मी दुसरी बाजू पुन्हा लिहिते आहे, आणि ती त्यांना दाखवायला नेणार नाही.

ज्यांना बंगला माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. जामखेडला स्टँडकडून येणाऱ्या रस्त्यावर तुमच्या घराची पुढची खोली म्हणजे सुनीलदादाचं व्हिडिओ गेमचं दुकान. दोन टीव्ही, दोन मशीन. त्यातलं सीडीवर चालणारं मशीन त्यानं पुण्याहून जुनं आणलं होतं आणि ते उलटं ठेवलं तरच सीडी वाचायचं. पाय वर करून पडलेल्या झुरळासारखं ते दिवसभर चालायचं. त्यावर ती गेम होती. रानातल्या एका मोठ्या बंगल्यात काही पोलीस अडकतात आणि मेलेली माणसं उठून चालायला लागतात. सीडीवर इंग्रजी नाव होतं, पण दुकानात सगळे बंगलाच म्हणायचे. "दादा, बंगला लावा."

दुपारी दादा जेवून झोपायचा, शटर अर्धं खाली असायचं. ती वेळ आपली. रिमोट तुझ्या हातात आणि वाचन माझ्याकडं. बंगल्यात जागोजाग कागद सापडायचे, कुणाची डायरी, कुणाचा निरोप, सगळे इंग्रजीत. मी वाचून मराठीत सांगायचे. माझ्या घरी वर्तमानपत्राआधी पत्रक यायचं. चळवळीची पत्रकं काढणाऱ्या अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, सायक्लोस्टाइल मशीनजवळ बसून मी वाचायला शिकले, त्यामुळं कुठलाही कागद मोठ्यानं वाचताना माझा आवाज सभेतला होतो. तू पडद्यावरची नजर न काढता म्हणायचीस, "भाषन नगं. त्या मानसानं काय लिव्हलंय तेवढं सांग. मागनं मढं येतंय."

आणि तो रंगाचा घोटाळा आठवतो? गेम सुरू व्हायच्या आधी खऱ्या नटांचा एक छोटा सिनेमा लागायचा, तो काळापांढरा. दादाला वाटलं टीव्हीचा रंग गेला. त्यानं आधी टीव्हीला चापट्या मारल्या, मग मेकॅनिकला बोलावलं. मेकॅनिकनं मागचं झाकण उघडून, आत फुंकर मारून, पिक्चर ट्यूब कमजोर झाल्याचं जाहीर केलं. तू तशीच केबलची वायर जोडलीस. पडद्यावर हिरव्या साडीतली बाई रंगीत नाचायला लागली. मेकॅनिक तिच्याकडं बघत राहिला आणि तू त्याच्याकडं.

"काका, टीव्ही चांगला हाय. त्या पिच्चरचाच रंग कुनीतरी काढलाय."

तिथून तू त्या सिनेमाच्या मागं लागलीस. पुन्हा पुन्हा लावायचीस. एका जागी कुत्रं झेप घेतं, आणि पुढचं दृश्य येण्याआधी काहीतरी अडखळतं. "वैशे, हितं कात्री लागलीय. बघ, मधलं कायतरी न्हाई." मला काहीच दिसायचं नाही. तुला दिसायचं. नसलेली गोष्ट तुला आधी दिसायची.

मग मी कॉलेजला नगरला गेले. आमच्या होस्टेलजवळ एक कॉम्प्युटर क्लास होता, तिथल्या मुलांनी कॉम्प्युटरवर बंगला टाकला होता. एका रविवारी मी तो बघितला आणि धावत एसटीडी बूथवर जाऊन दुकानात फोन लावला. "मित्रा, इथं सिनेमा रंगीत आहे. आणि कुत्र्यानंतर जे कापलंय, ते इथं दाखवतात." तू म्हणालीस, "थांब, आले." मला वाटलं सुट्टीत येशील. तू सकाळची एसटी पकडून आलीस, दप्तरात भाकरी आणि ठेचा घेऊन, जणू शेतावर निघालीस.

क्लासच्या मुलांनी आधी टिंगल केली. "काय ताई, टायपिंग शिकायचंय का?" तू म्हणालीस, "न्हाई. तुमचा बंगला तपासायचाय." आणि तपासलास. प्रत्येक ठिकाणी तीच एक जागा बघायची ही तुझी पद्धत होती. जेवणाच्या हॉलपलीकडची बोळ, जिथं पहिलं मढं पाठमोरं बसलेलं असतं आणि हळूच मान वळवून बघतं. ती मान कशी वळते, डोळे दिसतात की नुसते खड्डे, पावलांचा आवाज फरशीवर बदलतो की नाही. कॉम्प्युटरवर सगळं लख्ख होतं. मढ्याच्या गालावरचं रक्त वेगळं दिसायचं, पोलीसबाईच्या टोपीची शिवणसुद्धा. मुलं अभिमानानं सांगत होती. तू बघितलंस, रिमोटऐवजी कळफलक म्हणून दोनदा चुकलीस, पुन्हा गेलीस, आणि उठलीस.

माळीवाडा स्टँडवर जामखेडच्या गाडीची वाट बघत आपण भांडलो.

"कसा वाटला?"

"देखना हाय. भ्या वाटत न्हाई."

"अगं, सगळं दाखवलंय त्यात! काही कापलं नाही. हा खरा."

"दार कुठंय?"

हे दाराचं इतरांना सांगायला हवं. जामखेडच्या मशीनवर एका खोलीतून दुसरीत जाताना पडदा काळा व्हायचा आणि नुसतं एक दार दिसायचं. ते कुरकुरत, अगदी सावकाश उघडायचं. तेवढ्या वेळात मशीन पुढची खोली सीडीवरून वाचून घ्यायचं. कॉम्प्युटरला तेवढा वेळ लागत नाही, म्हणून तिथं एक बटण दाबलं की दार गायब, माणूस थेट आत.

मी म्हणाले, "दार म्हणजे त्या मशीनची कमजोरी आहे, मित्रा. त्याला पळता येत नाही म्हणून दार दाखवतं."

"आसंल. पन कमजोरी किती झकास झाकलीय बघ. त्या दारापाशी खरं भ्या वाटतं. तुज्या कॉम्प्युटरवर बंगला न्हाईच, नुसत्या खोल्या हायेत."

"आणि कापलेलं? ते कापायचा हक्क कुणी दिला? कुणाला विचारून कापलं?"

"मला कशाला इचारतीस? मी कापलंय व्हय?"

"तुला राग येत नाही?"

"राग येतो. पन कापल्या जागी मी माजं सोताचं भरते. ते त्यांच्यापेक्षा बेकार आसतं. म्हनून भ्या वाटतं."

गाडी लागली. तू खिडकीतून हात काढून ओरडलीस, "पत्रके, तुजं आपलं सगळं उजेडातच पायजे!" स्टँडवरची सगळी माणसं माझ्याकडं बघायला लागली.

तिसरा बंगला कोपरगावला सापडला. तुझी मावशी तिथं राहायची, काका साखर कारखान्यात होते. त्यांच्या कॉलनीतल्या एका साहेबाच्या मुलाकडं वेगळंच मशीन होतं, परदेशातून आलेलं. जिल्ह्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं, तेही एका गेमसाठी, हे घरी कोण ऐकणार? तू तुझ्या आईला, आमच्या काकींना, सांगितलंस की मावशी आजारी आहे. मावशी ठणठणीत होती. तिनं आपल्याला मटण खाऊ घातलं.

साहेबाच्या बंगल्यात (तो खरा बंगला होता, बाहेर गुलाब होते) तो मुलगा म्हणाला, "ही गेम मुलींना झेपत नाही. किंचाळाल." नंतर कळलं की तोच त्या बोळीच्या पुढं कधी गेला नव्हता. त्याच्या आई चहा घेऊन आल्या. नाव विचारलं, तू सांगितलंस. मग त्यांनी आडनाव विचारलं.

तू कप हातात धरून म्हणालीस, "काकू, आडनाव सांगितल्यावर मशीन बंद व्हईल का? तसं आसंल तर आधी खेळून घेते, मंग सांगते."

त्या म्हणाल्या, "अगं, मी आपलं सहज विचारलं." तू म्हणालीस, "मीबी सहजच म्हनलं." आणि त्यांच्या गुळगुळीत फरशीवर मांडी घालून खेळायला बसलीस.  वीस पत्रकं लिहून मला जे बोलता आलं नसतं ते तू चहाचा घोट घेता घेता बोललीस.

तिथला बंगला आणखी वेगळा निघाला. माणसांचे चेहरे ओबडधोबड, आणि सावल्या म्हणजे नुसती ठिपक्यांची जाळी. मी नाक मुरडलं. तू टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन ती जाळी बघितलीस आणि खूश झालीस. "ह्या मशीनला पातळ सावली काडता येत न्हाई. म्हनून एक ठिपका काळा, एक सोडलेला. लांबनं बघ, सावली हुती का न्हाई?" लांबून बघितलं, झाली होती. त्यात गेम संपल्यावर नुसती लढाईची एक वेगळी स्पर्धा होती, ती त्या मुलानं कधी बघितलीच नव्हती, कारण त्याची गेम कधी संपलीच नव्हती. तू ती लागेपर्यंत दोन दिवस खेळलीस. शेवटी तो तुला विचारायला लागला, "ताई, ते कुत्र्यांचं कसं करायचं?"

परतीच्या एसटीत आपण ठरवलं की यावर पत्रक काढायचं. बंगल्याच्या तीन आवृत्त्या, जामखेड, नगर, कोपरगाव. विहाराच्या वाचनालयात ठेवायचं आणि दुकानात चिकटवायचं. सगळं जमलं, शेवट जमला नाही. मला शेवटी निकाल हवा होता: खरी आवृत्ती अमुक. पत्रक असंच असतं. त्याला बाजू घ्यावी लागते.

"खरी कुठली ते लिव्हायचं न्हाई," तू म्हणालीस.

"मग पत्रक कशाला? मूळ कोणतं, कापलेलं कोणतं, हे सांगायलाच नको?"

"जामखेडच्या पोरांनी जामखेडचा बंगला बघितला. वीज गेली की बंगला गेला, मेमरी कार्ड न्हाई, पुन्यांदा पैल्यापास्नं. त्या पोरांचा काय खोटा झाला? ज्याला जो मिळाला त्यो त्याचा. तुजं आपलं मूळ, मूळ. मूळ इचारनारे गावात काय कमी हायेत?"

 कोपरगावचा चहा माझ्याही जिभेवर होता. पण मला ते पटलं नव्हतं, आणि तुला माहीत होतं की पटलेलं नाही. आपण म्हणालो, बघू पुढच्या महिन्यात. मग तुला कावीळ झाली. पुढचं सगळ्यांना माहीत आहे, ते मी इथं लिहिणार नाही.

भांडण मात्र मी सोडणार नाही. तू मध्येच उठून गेलीस म्हणून मी हरले असं होत नाही. तेव्हा ऐक.

तू म्हणायचीस, कापल्या जागी बघणारा स्वतःचं भरतो. बरोबर. गुरुजींनी तुझ्या पत्रकाची दुसरी बाजू कापली. त्या कोऱ्या जागेत गावानं काय भरलं, सांगू? पिठाच्या गिरणीत मी रांगेत उभी होते. पुढच्या दोघींना मी मागं आहे हे माहीत नव्हतं.

"ती व्हय? दुकानात पोरांत बसायची ती?"

"नगरला कुनाकडं तरी जायची म्हनं. आन् कोपरगावलाबी."

"घरच्यांनी पत्रकात कायच लिव्हलं न्हाई बघ. आसंल कायतरी."

"त्या भुताच्या गेमनंच धरलं तिला. लागीर झालं. डॉक्टर काय करनार त्याला?"

गुरुजींनी पत्रकातून भूत काढलं आणि गावानं ते तुझ्यात घातलं. मी दळणाचा डबा तिथंच ठेवून त्यांच्यापुढं गेले आणि म्हणाले, "ती बंगला बघायला जायची." त्या म्हणाल्या, "कुनाचा बंगला?" आता काय बोलशील? बंगल्याच्या बाबतीत तू बरोबर असशील. तिथं तू भरायचीस, तुझं डोकं भरायचं, आणि तुझ्या डोक्यात जे होतं ते कुठल्याही यंत्रापेक्षा भारी होतं. माणूस कापला तर तिथं भरायला तू येत नाहीस. ज्यांनी तुला कधी खेळताना बघितलं नाही, ते येतात. म्हणून माझं म्हणणं मी मागं घेत नाही. माणसाची आवृत्ती एकच, न कापलेली.

आणि गुरुजी म्हणतात त्या भुतांचं. बंगल्याच्या तळघरात शेवटचे कागद सापडले, ती दुपार आठव. वीज जाईल म्हणून तू घाई करत होतीस. मी वाचलं की खाली प्रयोगशाळा आहे, एका कंपनीनं माणसांवर प्रयोग केले, ते अंगाशी आले, आणि ते झाकायला वरचा सगळा बंगला उभा केलाय. कुलुपं, चित्रं, झुंबरं, सगळं झाकण्यासाठी. तू रिमोट खाली ठेवलास. मढं समोर उभं असताना तू रिमोट कधी खाली ठेवत नव्हतीस.

"म्हंजी मानसांनीच केलंय हे?"

"हो."

"मंग भ्यायचं कशाला? शोधायचं. कुनी केलं, कुठनं केलं, कागद कुठं ठिवलेत."

मढ्यानं तुझी पोलीसबाई खाल्ली आणि तू हसत सुटलीस. सांगा आता कुणीही, बावीस प्रतिज्ञांशी यातलं काय विसंगत आहे? आमच्या अण्णांच्या सगळ्या पत्रकांत जे असतं ते तुला एका जपानी गेममध्ये, उलट्या ठेवलेल्या मशीनवर, एका दुपारी सापडलं. मला ते आधी पाठ होतं. पाठ असणं वेगळं, सापडणं वेगळं, हे त्या दिवशी मला कळलं आणि त्याबद्दल मी तुला कधी काही म्हणाले नाही. मी म्हणाले, "चल, वीज आहे तोवर पुन्हा सुरू कर."

म्हणायचं आणखीही होतं. समाजाच्या कामाला लागत नाही असं काहीतरी मोठ्यानं वाचून दाखव, असं मला आयुष्यात फक्त तू सांगितलंस. आणि ते दार मलाही आवडायचं, मित्रा. नगरच्या मुलांनी बटण दाबून ते उडवलं तेव्हा मलाही चुकल्यासारखं झालं होतं. स्टँडवर मी ते कबूल करणार नव्हते. अजूनही पूर्ण करत नाही.

हे सगळं लिहून मी अण्णांकडं नेलं. त्यांनी उभ्याउभ्याच वाचलं. म्हणाले, "गुरुजी माझेपण गुरुजी आहेत." मी म्हणाले, "मग?" ते म्हणाले, "मग काय? स्टेन्सिल काप. शाई आहे का बघ." पण आधी तुझ्या घरी वाचायला हवं होतं. सुनीलदादा म्हणाला, "मी दुकानात लावतो, तू आईला इचार."

काकी मागच्या दारी बसल्या होत्या. मी सगळं वाचलं. साहेबाच्या घरच्या चहाच्या जागी त्या तेवढं "आगं बाई" म्हणाल्या. वाचून झाल्यावर विचारलं, "मावशी आजारी न्हवती?"

"नव्हती, काकी."

"मटन खाल्लं तुमी?"

"हो."

त्यांनी पदराचा काठ चोळला. मग म्हणाल्या, "मी मावशीच्या नावानं विहारात मेणबत्ती लावली हुती. बरी व्हावी म्हनून."

मी पेन काढलं. मावशीच्या आजाराचं वाक्य कापायला एक रेघ पुरे होती. गाव तेवढंच उचलणार, हेही मला दिसत होतं. मी म्हणाले, "काकी, कोपरगावचं काढते. बाकीचं राहू दे."

"काडू नगंस."

"लोक म्हणतील, पोरगी आईला फसवून जायची."

"मंग गेल्तीच की फशिवून. मी काय लोकांच्यात बसून तिला जलम दिला का?" त्यांनी डोळे पुसले नाहीत, कागद माझ्या हातातून घेतला आणि उलटा-सुलटा करून बघितला. "मला इचारतील त्यांना मी सांगन. गेल्ती. मला थाप मारून गेल्ती. बंगला बघाया गेल्ती माजी मित्रा."